नेव्हेला पूर आला तेव्हा

२३ सप्टेंबर १९२४. फिनलंडच्या आखातावरून सुटलेल्या पश्चिमेच्या वादळी वाऱ्याने नेव्हा नदीचं तोंडच दाबून धरलं. समुद्राला मिळायला निघालेलं पाणी मागे फिरलं आणि शहरात शिरलं. नदी नेहमीच्या पातळीपेक्षा तीन मीटर ऐंशी सेंटिमीटर वर चढली. रस्त्यांवर लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी होती, ती उखडून तरंगू लागली. त्याच वर्षी जानेवारीत लेनिन वारला आणि पेट्रोग्राडचं लेनिनग्राड झालं होतं; नवं नाव लोकांच्या तोंडी बसायच्या आत शहर पाण्यात गेलं. याहून मोठा पूर या शहराने एकदाच पाहिला होता, १८२४ साली, बरोबर शंभर वर्षांपूर्वी. त्यावर पुश्किनने ‘ब्राँझचा घोडेस्वार’ हे काव्य रचलं. १९२४ च्या पुराला असा कवी लाभला नाही. त्याची एक नोंद सापडते ती शरीरक्रियाशास्त्राच्या एका ग्रंथात, आणि तीही कुत्र्यांच्या निमित्ताने.

शहराच्या उत्तरेला नेव्हेच्या फाट्यांमध्ये आप्तेकार्स्की नावाचं बेट आहे. आप्तेकार्स्की म्हणजे औषधवाल्यांचं. पीटर द ग्रेटने तिथे औषधी वनस्पतींची बाग लावली होती, म्हणून हे नाव. या बेटावर प्रायोगिक वैद्यकाची संस्था होती आणि तिच्या आवारात इव्हान पेत्रोविच पावलॉव्ह यांची प्रयोगशाळा. कुत्र्यांची घरं मुख्य इमारतीपासून काहीशी लांब होती आणि पाणी आधी तिथे भरलं. झाडं कडाडून मोडत होती, लाटा भिंतींवर आपटत होत्या. अशा वेळी माणसांनी कुत्र्यांना लहान लहान टोळ्यांनी पाण्यातून पोहवत इमारतीत आणलं आणि जागा मिळेल तिथे कोंबलं. पावलॉव्हनी पुढे लिहिताना एक बारीक गोष्ट टिपली आहे. एरवी ही कुत्री एकत्र आली की एकमेकांच्या अंगावर धावून जायची. त्या रात्री एकही भांडलं नाही. सगळी गप्प.

हीच हकीकत नंतर जास्त रंगवून सांगितली गेली. पिंजऱ्यात पाणी छतापर्यंत आलं, कुत्री नाक तेवढं वर काढून तरंगत होती, पिंजऱ्याची दारं खालच्या बाजूला असल्यामुळे नोकरांनी त्यांना धरून पाण्याखाली बुडवलं आणि दारातून ओढून काढलं, असं विल्यम सार्जंट या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९५७ साली लिहिलं. पावलॉव्हचा स्वतःचा मजकूर यापेक्षा साधा आहे. पण तो साधा मजकूरही पुरेसा आहे, कारण खरी गोष्ट पूर ओसरल्यानंतर सुरू झाली.

आपल्याकडे डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कुणालाही पावलॉव्ह ठाऊक असतो. कुत्रा, घंटा, लाळ, अभिजात अभिसंधान, चार गुणांची टीप. मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘अध्ययन’ हे एक प्रकरण असतं, ‘व्यक्तिमत्त्व’ हे दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये बरीच पानं. पावलॉव्ह भेटतो तो पहिल्यात. दुसऱ्यात फ्रॉइड, युंग, ऑलपोर्ट वगैरे मंडळी बसलेली असतात, तिथे कुत्र्यांना प्रवेश नसतो. मला ही विभागणी नेहमी खटकत आली आहे. पावलॉव्हच्या आयुष्याची शेवटची बारा वर्षं ज्या प्रश्नात गेली तो प्रश्न स्वभावाचा होता: एकाच पाण्यातून निघालेल्या कुत्र्यांपैकी एक मोडतं आणि दुसरं नाही, ते का?

या प्रश्नापर्यंत ते पोचले ते फार आडवळणाने. मूळ माणूस रियाझानचा, १८४९ चा जन्म, बाप चर्चचा पुरोहित. मुलानेही तेच व्हायचं म्हणून धर्मशिक्षणाच्या शाळेत घातलेला. तिथे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेचेनॉव्ह यांचं ‘मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रिया’ हे १८६३ चं पुस्तक हाती पडलं आणि पौरोहित्य सुटलं. १८७० साली पीटर्सबर्गला जाऊन त्यांनी निसर्गविज्ञान धरलं, मग वैद्यक. मनाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचा विषय होता पोट.

पोटासाठी त्यांनी जे उभारलं त्याला प्रयोगशाळा म्हणण्यापेक्षा कारखाना म्हणणं योग्य. डझनावारी डॉक्टर पदवीच्या प्रबंधासाठी येत, प्रत्येकाला एक कुत्रा आणि एक प्रश्न मिळे. शस्त्रक्रिया करून जठराचा एक कप्पा वेगळा काढायचा, तोही मज्जातंतू न तोडता, हे पावलॉव्हच्या हातांचं खास कसब. १८९४ साली हे पहिल्यांदा नीट जमलं ते द्रुझोक नावाच्या कुत्र्यावर. द्रुझोक म्हणजे छोटा दोस्त. त्याच्याआधीची बरीच दगावली होती, हेही सांगायला हवं. दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्यांची अन्ननलिका गळ्यापाशी बाहेर उघडलेली असे. कुत्रा मांस खाई, घास गळ्यातून बाहेर पडे, पोटात काहीच जात नसे, तरी जठररस वाहू लागे. हा रस गाळून बाटल्यांत भरून अपचनावरचं औषध म्हणून विकला जाई. त्याला चांगली मागणी होती आणि त्या पैशावर प्रयोगशाळेचा मोठा खर्च भागे. पचनावरच्या या कामाबद्दल १९०४ चं नोबेल मिळालं. ते मिळवणारे ते पहिले रशियन.

पण या कारखान्यात एक खोडी होती. कुत्र्याला नुसतं मांस दाखवलं तरी रस सुटे. कधी कधी तर भांडं घेऊन येणाऱ्या नोकराच्या पावलांचा आवाजही पुरे होई. यात कसलं आलंय नवल, असं मराठी माणूस म्हणेल. चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं, आणि त्यासाठी आपल्याकडे वाक्प्रचारही आहे. पण मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीने ही भानगडच. तोंडात काही पडलेलं नसताना ग्रंथीला कळलं कसं? पावलॉव्ह याला सुरुवातीला ‘मानसिक स्राव’ म्हणत. त्यांचा एक सहकारी, अंतोन स्नार्स्की, म्हणाला की कुत्र्याच्या मनात इच्छा असतात, निवड असते, आठवण असते, त्यावरूनच हे समजून घ्यावं लागेल. पावलॉव्हना ते मुळीच पटलं नाही. कुत्र्याच्या मनात शिरायला तुमच्याकडे वाट कुठली आहे? बाहेरून काय आलं आणि थेंब किती पडले, एवढंच मोजा. ‘कुत्र्याला वाटलं’, ‘कुत्र्याच्या लक्षात आलं’ अशी भाषा प्रयोगशाळेत बंद झाली. बोलणाऱ्याला दंड होत असे असंही सांगतात. १९०३ साली माद्रिदच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी हा नवा कार्यक्रम जाहीर केला आणि पुढच्या वर्षी नोबेलच्या भाषणातही पोटाबरोबर तोच विषय काढला.

त्यांनी वापरलेला रशियन शब्द ‘उस्लोव्नी’ म्हणजे सशर्त, अटीवर अवलंबून असलेला. मांस तोंडात पडल्यावर सुटणारी लाळ बिनशर्त. मेट्रोनोमच्या टिकटिकीने सुटणारी सशर्त, कारण टिकटिकीनंतर खाणं मिळत राहिलं तरच ती टिकते. इंग्रजीत जाताना या शब्दाला ‘वळण लावलेला’ असा अर्थ चिकटला आणि पुढे तोच जगभर गेला. मूळ शब्दात मालकाने कुत्र्याला काही शिकवल्याचा भाव नाही. भवतालच्या जगाची अट बदलली की प्रतिक्रिया बदलते, एवढंच त्यात आहे. आणि घंटेचं म्हणाल तर ती होती, पण मेट्रोनोम, बझर, हार्मोनियम, दिवे, कातडीवर हलका स्पर्श अशा लांबलचक यादीतली एक. बाकीच्यांना पाठ्यपुस्तकांनी घरी पाठवलं.

थेंब मोजायचे तर बाहेरचा आवाज नको. म्हणून मॉस्कोच्या एका विज्ञानप्रेमी संस्थेच्या देणगीतून जाड भिंतींची, आवाज न शिरणाऱ्या खोल्यांची इमारत उभी राहिली. लोक तिला ‘शांततेचा मनोरा’ म्हणू लागले. कुत्रा आत एकटा, पट्ट्यांनी स्टँडला बांधलेला. माणूस बाहेर, नळ्या आणि आकडे घेऊन. प्राण्याच्या मनाला विज्ञानातून बाहेर काढण्यासाठी याहून चोख जागा बांधणं अवघड होतं.

तिथेच ते मन मागच्या दाराने आत आलं. प्रयोगशाळेतल्या नाताल्या शेंगेर-क्रेस्तोव्निकोवा यांनी एका कुत्र्याला वर्तुळ दिसलं की खाणं, लंबवर्तुळ दिसलं की काही नाही, असं शिकवलं. कुत्र्याला ते छान जमलं. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेलं. सुरुवातीला लांबी-रुंदीचं प्रमाण दोनास एक होतं, नंतर तीनास दोन, चारास तीन. नवास आठवर पोचल्यावर कुत्र्याला फरक जेमतेम कळू लागला. तीन आठवडे हे चाललं आणि कळणं वाढायच्या ऐवजी कमी होत गेलं. मग एक दिवस तो शांत कुत्रा स्टँडवर किंचाळू लागला, अंग पिळवटू लागला, कातडीला लावलेली उपकरणं तोडली, नळ्या चावल्या. आधी सहज ओळखता येणारं दोनास एकचं लंबवर्तुळही त्याला ओळखता येईना. त्याला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. दोन परस्परविरुद्ध हुकूम एकाच वेळी पाळायची पाळी आली होती, इतकंच. पावलॉव्हनी याला ‘न्यूरोसिस’ म्हटलं. ज्यांनी ‘कुत्र्याला वाटलं’ म्हणणं बंद केलं, त्यांनीच कुत्र्याला मनोविकार बहाल केला.

मग युद्ध, क्रांती, यादवी. उपासमारीत कुत्री मेली, खोल्यांत सरपण नाही, दिवे नाहीत. पावलॉव्ह स्वतः भाजीपाला पिकवू लागले. त्यांनी देश सोडून जायची परवानगी मागितली तेव्हा सरकार हललं. २४ जानेवारी १९२१ रोजी लेनिनच्या सहीने खास हुकूम निघाला आणि पावलॉव्ह व त्यांच्या कामाला शिधा, पैसा, सोयी मिळाल्या. म्हाताऱ्याने त्या बदल्यात जीभ आवरली नाही. पुरोहितांच्या मुलांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकायचं सत्र सुरू झालं तेव्हा, मीही पुरोहिताचाच मुलगा, असं म्हणत त्यांनी लष्करी वैद्यकीय अकादमीतली आपली जागा सोडली.

पूर आला त्या दिवशी त्यांना पंचाहत्तर पूर्ण व्हायला तीन दिवस होते. त्या वसंतात दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक करायचं काम हाती होतं. पंचवीस वर्षांचा हिशेब मांडून झाला, असं वाटण्याची ती वेळ.

पाणी उतरलं, कुत्री पुन्हा स्टँडवर आली. काहींचं काहीच बिघडलं नव्हतं. शिकवलेलं सगळं जागच्या जागी, थेंब नेहमीसारखे. पावलॉव्हचे सहकारी अलेक्सेई स्पेरान्स्की ज्या कुत्र्यावर काम करत होते तो मात्र वेगळाच निघाला. पुरानंतर साधारण आठवड्याने त्याला स्टँडवर ठेवलं, तर तो अस्वस्थ. महिनोन्‌महिने घोटून पक्की केलेली सशर्त प्रतिक्षिप्तं जवळजवळ नाहीशी झालेली. पुढ्यात ठेवलेलं खाणंही त्याने नाकारलं. शरीर तपासलं, आजार काही नाही.

इथे स्पेरान्स्कींनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं वाटतं. ते खोलीत जाऊन कुत्र्याजवळ बसले. बस्स, एवढंच. ज्या मनोऱ्याच्या भिंती माणसाला बाहेर ठेवण्यासाठी जाड केल्या होत्या, त्याच्या शिस्तीविरुद्ध माणूस आत गेला; आणि हरवलेल्या प्रतिक्रिया परत येऊ लागल्या. माणूस बाहेर गेला की पुन्हा कमी. पावलॉव्ह याचा अर्थ अर्थातच आपल्या भाषेत लावतात: सोबत हेही एक उद्दीपकच, ‘सामाजिक’ उद्दीपक. त्यांचा शब्द मान्य करायला हरकत नाही. आपल्या घरात भेदरलेल्या पोराजवळ आजी बसते तेव्हा ती कुठला उद्दीपक देते याचा विचार करत नाही, पण देते तोच.

आठवडे गेले. कुत्रा हळूहळू सावरला, एकटाही राहू लागला. फक्त एक गोष्ट त्याला सहन होईना, ती म्हणजे घंटा. त्याच्या यादीतला तो सर्वांत जोरदार उद्दीपक. पूर्वी तिच्यावर सगळ्यात जास्त लाळ सुटे. आता ती वाजली की तिची लाळ तर जाईच, पण पाठोपाठच्या साध्या उद्दीपकांची प्रतिक्रियाही कोलमडे. पाठ्यपुस्तकातली घंटा ती हीच, पण या अवतारात ती तिथे येत नाही.

मग सुमारे दोन महिन्यांनी एक परीक्षा घेतली गेली. कुत्रा स्टँडवर असताना दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली. जमिनीवर लहानसं थारोळं साचलं. कुत्रा ताडकन उभा राहिला, खाली बघू लागला, धापा टाकू लागला, स्टँडवरून उतरायची धडपड करू लागला. सावरलेलं सगळं पुन्हा गेलं. हे वाचताना शास्त्रज्ञांचा राग येतो. त्यांनी ती धार सोडली नसती, तर भीती जिरलेली नसते, झाकलेली असते, हे इतक्या स्पष्टपणे कळलं नसतं, हेही खरं.

पूर आला म्हणून स्वभावाचा प्रश्न उगवला असं नाही. कुत्री सारखी नसतात हे प्रयोगशाळेत आधीपासून माहीत होतं. १९१० च्या सुमारासच त्यांचे प्रकार पाडायचा प्रयत्न झाला होता. पण प्रयोगशाळेत प्रत्येक कुत्र्यावर वेगळा प्रयोग चाले, तुलना करणार कशी? पुराने सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली. १९२७ साली पुस्तक बाहेर पडलं तेव्हा त्यात पुरातली कुत्री होती आणि स्वभावप्रकारही.

प्रकार त्यांनी शोधले ते हिपोक्रेटिसच्या परंपरेत: उल्हासी, थंड, तापट आणि खिन्न. आपल्याकडे वात, पित्त, कफ या प्रकृती घरोघरी बोलल्या जातात, त्यामुळे चार जुन्या खोक्यांत नवी कुत्री भरणारा नोबेलविजेता आपल्याला फारसा विचित्र वाटणार नाही. युरोपात काहींना वाटला. पण खोकी जुनी असली तरी लावलेली मापं नवी होती. मज्जासंस्थेची ताकद किती, उत्तेजन आणि निरोध (म्हणजे प्रतिक्रिया आवरून धरणं) यांचा तोल कसा, आणि पुढे भर घातली ती एकातून दुसऱ्यात जायची चपळाई किती. ताकद आहे पण तोल नाही तो तापट. ताकद, तोल आणि चपळाई तिन्ही आहेत तो उल्हासी. पहिली दोन आहेत पण गडी संथ, तो थंड. ताकदच नाही तो खिन्न. पुरात मोडतो तो बहुधा हा. पावलॉव्हच्या सहकारी मारिया पेत्रोवा यांनी दाखवलं की ताण दिल्यावर उत्तेजनाच्या बाजूला कोसळलेला कुत्रा ब्रोमाइडने ताळ्यावर येतो, निरोधाच्या बाजूला कोसळलेल्याला त्याचा तसा उपयोग होत नाही. म्हणजे औषधसुद्धा स्वभाव बघून.

त्याच सुमारास अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन सांगत होता की धडधाकट बाळं माझ्या ताब्यात द्या, मी त्यांतल्या कुणालाही डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवतो, उपजत गुणांचं काही चालत नाही. तो स्वतःला पावलॉव्हच्या वाटेवरचा समजे. त्याने घंटा उचलली, पूर तिथेच सोडला. आपल्या पुस्तकांत पोचलेला पावलॉव्ह बराचसा या अमेरिकी बोटीतून आलेला आहे.

पावलॉव्हनाही आपल्या वर्गीकरणात एकदा चांगलीच ठोकर बसली. भित्रं, शेपूट घालणारं, भिंतीला चिकटून चालणारं कुत्रं म्हणजे कमकुवत प्रकार, असं ते धरून चालले होते. पण काही भित्री कुत्री स्टँडवर अतिशय दणकट निघत. तेव्हा लेनिनग्राडबाहेर कोल्तुशी गावी उभ्या राहिलेल्या केंद्रात व्हिर्झिकोव्स्की आणि मायोरोव्ह यांनी दोन वेतांची पिल्लं वाटून घेतली: निम्मी मोकळी वाढवली, निम्मी जन्मापासून पिंजऱ्यात. पिंजऱ्यातली सगळी भित्री झाली. मग मज्जासंस्था मुळात दुबळी असो वा भक्कम. १९३३ साली हे प्रसिद्ध झालं. पावलॉव्हनी आपलं म्हणणं बदललं. जन्मजात प्रकार वेगळा आणि जगण्यातून आलेला स्वभाव वेगळा. वरून दिसतं ते दोन्हींचं मिश्रण. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी असं म्हणायला लागणारा मोठेपणा त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टींत हरवून जातो.

२७ फेब्रुवारी १९३६ रोजी ते वारले. १९५० साली सोव्हिएत अकादमीच्या एका अधिवेशनात त्यांच्याच नावाने त्यांच्या शिष्यांची झाडाझडती घेतली गेली. कोल्तुशीचं काम चालवणारे ओर्बेली पदावरून गेले. सार्जंटने पुरातल्या कुत्र्यांवरून माणसांच्या मतपरिवर्तनाचा आणि ‘ब्रेनवॉशिंग’चा उलगडा करायला घेतला, शीतयुद्धात त्या पुस्तकाला वाचकही भरपूर मिळाले. शांतपणे काम झालं ते लंडनमध्ये. मानसशास्त्रज्ञ आयसेंकने उत्तेजन-निरोधाची जोडी घेऊन अंतर्मुख-बहिर्मुखतेचं स्पष्टीकरण द्यायचा प्रयत्न केला आणि रशियन शिकलेल्या जेफ्री ग्रेने १९६४ साली पावलॉव्हच्या स्वभावप्रकारांवर ग्रंथ संपादित केला. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणात कुत्र्यांचा असा शिरकाव झाला, पण चोरवाटेने.

मरणाच्या काही महिने आधी, ऑगस्ट १९३५ मध्ये, लेनिनग्राडला जगभरचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ परिषदेसाठी जमले होते. त्या वेळी आप्तेकार्स्की बेटावर, संस्थेच्या आवारात, जिथे अकरा वर्षांपूर्वी कुत्र्यांना पोहवत आणलं होतं, तिथे कुत्र्याचं स्मारक उभारलं गेलं. उंच चबुतऱ्यावर बसलेला कुत्रा, खाली प्रयोगशाळेतली दृश्यं आणि पावलॉव्हची वचनं. प्रयोगशाळेच्या वह्यांत प्रत्येक कुत्र्याची नोंद त्याच्या नावाने असे, द्रुझोक, उम्नित्सा वगैरे. चबुतऱ्यावर मात्र कुठल्याच कुत्र्याचं नाव कोरलेलं नाही.